अंगुलिमालाचे थांबणे : एक अभ्यास

वर्षावासाच्या तीन महिन्यांत वऱ्हाडातील अनेक विहारांतून संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होत असते. परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली हा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि पुढे मराठीतून घरोघरी पोहोचला. त्याच्या दुसऱ्या खंडाचा आठवा भाग पतितांच्या व गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेचा आहे. वाचन तेथवर आले आणि अंगुलिमालाचे नाव निघाले, की इतर वेळी पेंगणारी मंडळीही सावरून बसतात. मग दोन प्रश्न हमखास येतात. वयोवृद्ध मंडळी विचारतात, "इतका बिघडलेला माणूस खरंच सुधरते का हो?" आणि मागे बसलेल्या उपासिकांपैकी कोणीतरी म्हणते, "त्यानं ज्यायले मारलं, त्यायच्या घरच्यायनं काय करावं?"

पहिल्या प्रश्नाला आपण चटकन 'होय' म्हणतो आणि दुसऱ्यापाशी अडखळतो. आमच्या मते दुसऱ्या प्रश्नाला बगल देऊन पहिल्याचे उत्तर देताच येत नाही. मूळ सुत्तही तसे ते देत नाही. म्हणून हे सुत्त नीट वाचावे, एवढ्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

अंगुलिमालाची जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली, तीत दोन थर आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय अभ्यास होत नाही. पहिला थर सुत्ताचा. मज्झिमनिकायाच्या राजवग्गात ८६ वे सुत्त अंगुलिमालसुत्त आहे. त्याच्या स्वतःच्या तोंडच्या गाथा थेरगाथेतही आल्या आहेत. दुसरा थर अट्ठकथांचा, म्हणजे पुष्कळ शतकांनंतर लिहिल्या गेलेल्या टीकांचा. अट्ठकथा सांगतात की हा कोसलराजाच्या पुरोहिताचा मुलगा, चोरांच्या नक्षत्रावर जन्मला, त्या रात्री नगरातील शस्त्रे आपोआप झळकली. पुढे तो तक्षशिलेला शिकायला गेला, हुशार निघाला, सहाध्यायांनी हेव्याने आचार्याचे कान भरले, आणि आचार्याने गुरुदक्षिणा म्हणून माणसांची एक हजार बोटे मागितली. नऊशे नव्व्याण्णव झाली, एक उरले, आणि त्या एकासाठी तो स्वतःच्या आईवर धावला, तेवढ्यात तथागत आडवे आले. कीर्तनकार, नाटकवाले, चित्रकथावाले यांना हाच थर आवडला. विजय भट्ट यांनी १९६० साली 'अंगुलिमाल' नावाचा हिंदी चित्रपट काढला, तेव्हापासून तर ही कथा आपल्या वस्त्यांत अधिकच घट्ट बसली.

सुत्तात यातले फार थोडे आहे. नक्षत्र नाही, गुरुदक्षिणा नाही, हजाराचा हिशेब नाही, आईवर धावणे नाही. कोसल देशात राजा प्रसेनजिताच्या राज्यात अंगुलिमाल नावाचा एक दरोडेखोर होता, त्याचे हात रक्ताने माखलेले होते, त्याच्यामुळे गावे उजाड झाली होती, आणि मारलेल्यांच्या बोटांची माळ तो गळ्यात घाली, एवढेच सुत्त सांगते. तो तसा का झाला याचे कारण ते देत नाही. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात ही कथा अशीच, मुळाला धरून, नक्षत्राशिवाय सांगितली आहे.

हा फरक किरकोळ नाही. जन्मवेळच्या नक्षत्राने माणूस चोर ठरतो असे एकदा मान्य केले, की जन्माने माणूस आणखी काय काय ठरतो ते मान्य करावे लागते, आणि ते आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? आपल्याच जिल्ह्यातील फासेपारध्यांकडे पाहावे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याच्या कक्षेत येत गेलेल्या जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकल्या. मूल रांगायला लागण्याआधी सरकारच्या लेखी ते चोर होते. तो कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. कागदावरचे नक्षत्र गेले. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कोणत्या बेड्यावर जाते, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तेव्हा अट्ठकथेतील नक्षत्राची गोष्ट मुलांना सांगायची असेल तर जरूर सांगावी, परंतु ती मागाहून जोडलेली आहे हेही त्याच वेळी सांगावे.

आता सुत्ताकडे वळू. तथागत श्रावस्तीला जेतवनात, अनाथपिंडिकाच्या आरामात राहत होते. सकाळी भिक्षाटन करून, भोजन आटोपून, आसन आवरून ते अंगुलिमाल राहत होता त्या रस्त्याने निघाले. गुराख्यांनी, मेंढपाळांनी, नांगर धरलेल्या शेतकऱ्यांनी त्यांना अडवले. त्या वाटेने दहा, वीस, तीस, चाळीस माणसे टोळीने गेली तरी त्याच्या हाती सापडतात, असे त्यांनी बजावले. एकदा नव्हे, तीनदा. तथागत काही न बोलता चालत राहिले. सुत्तात ही रानात राबणारी माणसे आहेत हे आम्हांस विशेष वाटते. अंगुलिमालाचा उपद्रव रथातून जाणाऱ्यांना कमी आणि पायी चालणाऱ्यांना, रानात ढोरे राखणाऱ्यांना जास्त होता. बोटांची ती माळ अशाच माणसांच्या बोटांची असली पाहिजे.

एकटा श्रमण येताना पाहून अंगुलिमाल ढाल-तलवार, धनुष्यबाण घेऊन मागे लागला. तथागत नेहमीच्या चालीने चालत होते आणि तो जीव तोडून धावत होता, तरी अंतर मिटेना. धावत्या हत्तीला, घोड्याला, हरणाला गाठणारा माणूस चालत्या माणसाला गाठू शकत नाही, याचे त्याला आश्चर्य वाटले. शेवटी तोच उभा राहिला आणि त्याने श्रमणाला थांबण्यास ओरडून सांगितले. तथागतांनी चालता चालताच उत्तर दिले की ते केव्हाचेच थांबलेले आहेत, थांबायचे राहिले आहे ते अंगुलिमालाचे. चालणारा स्वतःला थांबलेला म्हणतो आणि थांबलेल्याला चालणारा म्हणतो, हे कोडे त्याला उमगेना. त्याने अर्थ विचारला. तेव्हा तथागतांनी खुलासा केला की प्राणिमात्रांवर उगारायचा दंड त्यांनी कायमचा खाली ठेवला आहे, म्हणून ते थांबलेले आहेत. अंगुलिमालाने तो ठेवलेला नाही, म्हणून तो अजून धावतो आहे.

येथे कोणी म्हणेल की हा चमत्कार झाला आणि चमत्कार आपण मानत नाही. आमचे म्हणणे असे की, ज्यांना चमत्कार नको असेल त्यांनी तो सोडून द्यावा, सुत्ताचे काही बिघडत नाही. हातात शस्त्र असलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी घाबरलेले दिसले नाही. पुढचा पळाला नाही आणि अंगावरही धावून आला नाही. अशा माणसाला कसे मारावे हे अंगुलिमालाला येत नव्हते. दारू पिऊन हात उगारणाऱ्याच्या समोर घरातली म्हातारी नुसती शांत उभी राहिली आणि त्याचा हात खाली आला, असे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. नेहमीच असे घडते असे मात्र नाही, आणि कोणी घरच्या बाईला तसे करण्याचा उपदेशही करू नये. मार खाणारीने आधी सुरक्षित ठिकाणी जावे. तथागत स्वतः होऊन त्या वाटेने गेले होते. त्यांना तेथे कोणी ढकलले नव्हते.

यानंतर अंगुलिमालाने तलवार व हत्यारे दरीत फेकून दिली आणि प्रव्रज्या मागितली. ती त्याला तेथल्या तेथे मिळाली. 'दरी' हा शब्द आला की परतवाड्याच्या माणसाला चिखलदरा आठवणारच. घाट चढून वर गेले की प्रत्येक वाटाड्या सांगतो की भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत फेकले आणि कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला. भीमाने हात धुतले ते भीमकुंडही तो दाखवतो. दुष्टाचा देह दरीत गेला, गोष्ट संपली, पाहणारे टाळ्या वाजवून खाली उतरले. बहुतेक गोष्टी अशाच संपतात, कारण खलनायक मेला की त्याचे पुढे काय करायचे हा प्रश्न उरत नाही. सुत्तात दरी आहे, पण तीत गेली ती हत्यारे. माणूस काठावर उभा राहिला, आणि तो आता तथागतांच्या मागून श्रावस्तीकडे चालत निघाला. म्हणजे प्रश्न सगळा पुढेच उरला. आमच्या समजुतीप्रमाणे सुत्ताचा खरा भाग येथून सुरू होतो. आपण मात्र बहुधा येथे पुस्तक मिटतो.

त्याच सुमारास राजा प्रसेनजिताच्या वाड्यासमोर लोकांचा मोठा जमाव आरडाओरड करीत होता. दरोडेखोराचा बंदोबस्त करा, ही त्यांची मागणी. राजा पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला आणि वाटेत जेतवनात तथागतांना भेटायला उतरला. मगधाचा बिंबिसार किंवा वैशालीचे लिच्छवी उठले की काय, अशी तथागतांनी चौकशी केली. तसे काही नाही, अंगुलिमालाला धरायला निघालो आहे, असे राजाने सांगितले. मग तथागतांनी विचारले की मुंडन केलेला, काषाय वस्त्र ल्यालेला, हिंसा-चोरी-असत्यापासून दूर झालेला असा अंगुलिमाल दिसला, तर राजा काय करील? राजाने उत्तर दिले की तो त्याला वंदन करील, आसन देईल, चीवर-भोजन देईल, रीतसर संरक्षण देईल. परंतु अशा पापी माणसाच्या अंगी असले शील येणारच कुठून? तेव्हा तथागतांनी उजवा हात पसरून जवळच बसलेल्या भिक्खूकडे दाखवले.

राजाच्या अंगावर भीतीने काटा आला, असे सुत्त सांगते. पाचशे घोडेस्वार बाहेर उभे असताना! तथागतांनी धीर दिल्यावर राजा उठला, त्या भिक्खूजवळ गेला आणि त्याने पहिली गोष्ट विचारली ती त्याच्या आईबापांची गोत्रे. वडील गार्ग्य, आई मैत्रायणी, असे उत्तर आले. लगेच राजाने त्याला अंगुलिमाल म्हणणे सोडून आईबापाच्या नावाने हाक मारली. हा प्रसंग वाचताना पुष्कळजण राजाच्या श्रद्धेचे कौतुक करून पुढे जातात. आम्हांस कौतुक वाटते ते त्याच्या हाक मारण्याचे. 'अंगुलिमाल' हे काही आईने ठेवलेले नाव नव्हते, ती त्याच्या गुन्ह्याची ओळख होती. आपल्या वस्तीतही एकदा कोणी आत जाऊन आला, की त्याचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव लोक विसरतात आणि गुन्ह्यावरून पडलेले नाव त्याच्या मुलांच्याही मागे लागते.

मात्र संघाने राजाच्या कायद्यापासून गुन्हेगारांना दडवण्याची जागा व्हावे, असे तथागतांना अभिप्रेत नव्हते. याचा पुरावा विनयपिटकात आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. महावग्गात नोंद आहे की अंगुलिमाल भिक्खू झाल्यावर लोक त्याला पाहून घाबरत, पळत, दारे लावून घेत, आणि शाक्यपुत्रीय श्रमण उघड दरोडेखोराला प्रव्रज्या देतात तरी कसे, अशी टीका करीत. ही तक्रार तथागतांच्या कानी गेली. त्यांनी ती अज्ञानी लोकांची बडबड म्हणून उडवून लावली नाही. यापुढे अशा कुख्यात दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम त्यांनी केला. तुरुंग फोडून आलेला, पकडण्याचे फर्मान निघालेला, यांच्याविषयीही त्याच ओळीत नियम आहेत. अंगुलिमालाला संघातून काढले नाही, पण त्याच्या उदाहरणाचा पायंडा पडू दिला नाही. ज्यांनी भोगले त्या लोकांच्या भीतीलाही धम्मात जागा आहे, हे या नियमातून दिसते. उपासिकेच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे श्रावस्तीच्या रस्त्यावर आहे. एके दिवशी भिक्षेला गेला असता अंगुलिमालाला एक बाई प्रसववेदनांनी तळमळताना दिसली. मूल अडले होते. प्राणी किती दुःख भोगतात, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो तसाच तथागतांकडे परतला. ज्याने इतकी माणसे मारली त्याला आज एक अनोळखी बाई तळमळताना पाहवत नाही, हा बदल सुत्ताने कोणताही गाजावाजा न करता सांगितला आहे. तथागतांनी त्याला सांगितले की त्या बाईजवळ जा आणि जन्मल्यापासून जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही, या सत्याच्या बळावर तिचे व तिच्या गर्भाचे कुशल चिंत. अंगुलिमाल म्हणाला की हे तर धडधडीत खोटे होईल. तेव्हा तथागतांनी शब्द बदलून दिला : आर्यजन्म घेतल्यापासून, असे म्हण. त्याने तसे म्हटले आणि बाई सुखरूप सुटली. अंगुलिमाल परित्त म्हणून हा पाठ श्रीलंकेत आणि इतर बौद्ध देशांत गरोदर बायांसाठी आजही म्हटला जातो. आपल्याकडे बाळंतपणासाठी दवाखान्यातच जावे, पाठ सोबत म्हणायला हरकत नाही.

येथे अंगुलिमालाने घेतलेली हरकत आम्हांस फार मोलाची वाटते. स्वतः गुरू सांगत असतानाही त्याने मागचे आयुष्य पुसून टाकणारे वाक्य म्हणायला नकार दिला. आपण मारले आहे, हे तो विसरला नव्हता आणि विसरल्याचे सोंगही त्याला नको होते. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. सुत्त त्या म्हणीला उत्तर देते ते असे, की माणसाला जिवंतपणीच दुसरा जन्म घेता येतो, पण पहिला जन्म झालाच नव्हता असे म्हणता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही आपला नवा जन्म होत असल्याचे उच्चारण आहे. त्या दिवशी तेथे असलेले आपले वाडवडील गुन्हेगार नव्हते, त्यांच्यावर गुन्हा झाला होता, हा भेद विसरू नये. तरी नवा जन्म वरून पडत नाही, तो प्रतिज्ञा घेऊन व ती रोज पाळून होतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. चोरी, असत्य, दारू यांबाबतच्या प्रतिज्ञाही त्याच बावीसमध्ये आहेत, आणि ज्यांची भिंतीवर चौकट लावून आपण मोकळे झालो त्या बहुधा याच होत.

पुढे अंगुलिमाल एकांतात राहून अर्हत झाला. येथे तरी गोष्ट संपावी! पण नंतर एका सकाळी तो श्रावस्तीत भिक्षेला गेला, तेव्हा कोणी मातीचे ढेकूळ मारले, कोणी काठी, कोणी खापरी. डोके फुटून रक्त वाहू लागले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. अशा अवस्थेत तो तथागतांपुढे आला. तथागतांनी ना मारणाऱ्यांना शाप दिला, ना राजाकडे तक्रार नेली. त्यांनी त्याला सोसण्यास सांगितले. ज्या कर्माचे फळ पुष्कळ काळ नरकात भोगावे लागले असते ते तो याच आयुष्यात भोगतो आहे, असा सुत्ताचा खुलासा आहे. बाबासाहेबांच्या शिकवणुकीप्रमाणे ज्यांना परलोकातील नरक मान्य नाही, त्यांनाही यातील 'याच आयुष्यात' हे शब्द मान्य होण्यास अडचण नसावी. केलेल्या कृत्याचे फळ समाजात, माणसांच्या हातून, रस्त्यावर मिळते.

अट्ठकथाकार मात्र येथे सारवासारव करतात. लोकांनी ढेकळे मारली ती कावळे, कुत्री हाकलण्यासाठी, ती चुकून थेरांना लागली, असे ते म्हणतात. अर्हताला कोणी मुद्दाम मारील हे त्यांना सोसले नसावे. आम्हांस हे स्पष्टीकरण पटत नाही. ज्यांची पोरे, ज्यांचे नवरे त्या रानातून परत आले नाहीत, त्यांच्या हातात ढेकूळ येणे यात अस्वाभाविक काय आहे? त्यांनी क्षमा करावी असा उपदेश सुत्तात कोठेही नाही. सोसण्याचा उपदेश आहे तो अंगुलिमालाला. मृतांच्या घरच्यांनी काय करावे, असे उपासिका विचारते, तेव्हा सुत्ताकडे पाहून एवढेच सांगता येते की त्यांच्यावर क्षमेचे ओझे कोणी टाकलेले नाही. ढेकूळ मारणे योग्य असे आमचे म्हणणे नाही, परंतु सुधारलेल्या माणसाने ते आपल्या सुधारणेचे बक्षीस हिरावल्यासारखे मानू नये. थेरगाथेत अंगुलिमाल आपल्या वैऱ्यांनीही धम्म ऐकावा अशी इच्छा व्यक्त करतो. त्यांनी आपल्याला माफ करावे असे तो मागत नाही. पूर्वीच्या आपल्या 'अहिंसक' या नावाचा उल्लेखही तेथेच आहे. हिंसा करीत असताना ते नाव खोटे होते, आता ते खरे झाले, असा त्याचा भाव आहे.

वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा महाराष्ट्रात अधिक प्रसिद्ध. तिच्याशी तुलना करून पाहावी. वाल्या कोळी वाटमारी सोडतो आणि नामजपाला बसतो, इतका काळ की अंगावर वारूळ चढते. वारुळातून बाहेर येतो तो ऋषी होऊन. त्या कथेतही एक चांगली जागा आहे : बायकापोरे त्याच्या पापात वाटेकरी व्हायला नकार देतात. पण बदल घडतो तो माणसांपासून दूर, वारुळाच्या आत. अंगुलिमालाला वारुळाचा आडोसा मिळाला नाही. ज्या नगरातील माणसे त्याने मारली त्याच नगरात, त्यांच्याच दारात, हाती पात्र घेऊन त्याला रोज उभे राहावे लागले. त्यांनी घास घातला तर जेवायचे.

आजची मुले मोबाईलवर काल्पनिक युद्धांचे खेळ खेळतात. त्यांतही काही ठिकाणी असा पतित योद्धा असतो. त्याने राज्य उद्ध्वस्त केलेले असते, मग त्याला उपरती होते, तो कठीण प्रवास करतो, राक्षसांशी लढतो आणि शेवटी चांगल्यांच्या बाजूला येतो. घरातील वडीलधारे हे खेळ म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी समजतात. वेळ जातो हे खरे, पण खलनायकालाही परतीची वाट असू शकते, एवढे तरी त्या पोराला तेथे भेटते. विहारातील बालवर्गात याच धाग्यावरून अंगुलिमालाकडे जाता येईल. मुलांना एकच विचारावे : तुमच्या खेळात तो चांगला झाल्यावर, त्याने आधी जाळलेल्या गावात कधी परत जातो का? तेथली माणसे त्याला काय म्हणतात? बहुतेक खेळांत गुण जमले, पुढची पायरी उघडली, की मागचे गाव पडद्यावरून नाहीसे होते.

प्रत्यक्ष जगात याचे प्रयोग झाले आहेत. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, पहारे नाहीत, कैद्याने कुटुंबासह राहून शेती करावी. संस्थानात काम करणारे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना. तिच्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली निघाला. सत्यनारायण गोएंका गुरुजींनी १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात विपश्यनेचे शिबिर घेतले. पुढे एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात, किरण बेदी तेथील महानिरीक्षक असताना, एक हजारावर कैदी एकाच शिबिराला बसले. आणि १९८५ साली इंग्लंडमध्ये भिक्खू खेमधम्मो यांनी तुरुंगांत जाऊन धम्म सांगणाऱ्यांची संघटना काढली, तिचे नावच 'अंगुलिमाल' ठेवले.

हे सर्व तुरुंगाच्या आतील काम होय. आमची चिंता दाराबाहेरची आहे. सुटून आलेला माणूस परतवाड्याच्या बसस्थानकावर उतरतो, तेथून पुढे त्याचे काय? आरा मशीनवर किंवा संत्र्याच्या हंगामात मंडईत हमालीला गेला, तर कोणीतरी मालकाच्या कानाशी लागते. नोकरीला चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. काम दिले तर देतो तो वरली मटकावाला आणि दारूच्या गुत्त्याचा मालक, कारण त्याला अशाच माणसाची गरज असते. विहारात तो आलाच, तर शेजारची सतरंजी हळूच सरकते. सहा महिन्यांनी तो पुन्हा आत गेला की आपण म्हणतो, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच.

त्याला उद्याच धम्मदानाच्या पेटीची किल्ली द्यावी, असे आम्ही सुचवत नाही. महावग्गातील नियम वर सांगितलाच आहे. ज्या घरचे त्याने बिघडवले, त्या घरची माणसे त्याच विहारात येत असतील तर त्यांना आधी विचारावे आणि त्यांची तयारी नसेल तर त्याच्यासाठी वेगळी वेळ ठेवावी. पण सतरंज्या अंथरणे, पाणी भरणे, पौर्णिमेच्या भोजनदानात वाढप करणे ही कामे त्याला सांगता येतात. एखाद्या दुकानदार उपासकाने आपल्या शब्दावर त्याला दिवसाची मजुरी मिळवून द्यावी. त्याला शाळेच्या दाखल्यावरील नावाने हाक मारावी. आणि कोणी ढेकूळ मारलेच, तोंडी किंवा खरोखरीचे, तर त्या रात्री त्याच्या शेजारी कोणीतरी बसावे, कारण तथागतांपुढे रक्ताळलेल्या डोक्याने येऊन उभे राहण्याची सोय अंगुलिमालाला होती.

येत्या वर्षावासात आठवा भाग आला की एक दुरुस्ती करून पाहता येईल. पहिल्या संध्याकाळी बाबासाहेबांच्या ग्रंथातील अंगुलिमाल वाचावा. दुसऱ्या संध्याकाळी मज्झिमनिकायाच्या मराठी किंवा हिंदी भाषांतरातून सुत्ताचा उत्तरार्ध, म्हणजे अडलेल्या बाईचा व फुटलेल्या पात्राचा भाग वाचावा, आणि वाचनाला शक्यतो उपासिकांपैकी कोणास बसवावे. धम्मपदाच्या लोकवग्गातील १७३ वी गाथा परंपरेने अंगुलिमालाशीच जोडलेली आहे, तिच्यात ढगांतून मोकळ्या झालेल्या चंद्राची उपमा येते. ती शेवटी म्हणावी. प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवावा, तो पुरणार नाही.